धनुष्याला दोरी चढविण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



यंदापासून आपल्या शाळेत लाकडी धनुष्यावर तिरंदाजीचा वर्ग सुरू होत आहे. हे कळल्यावर काही पालकांनी मला दोन प्रश्न विचारले. याचा उपयोग काय, हा पहिला; आणि मुलांना इजा तर होणार नाही ना, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो, कारण माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो विचारणाऱ्या आईचे मला मनापासून कौतुक वाटते.

तिरंदाजी शिकण्यास उत्तेजन देणाऱ्या हदीस आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहेत. तिरंदाज आणि कमान हे शब्द मराठीने फारसीतूनच घेतले. आपण शाळेत ज्या ‘शिस्ती’चा एवढा आग्रह धरतो, तो शब्दही तिकडचाच, शिस्त धरणे म्हणजे मुळात नेम धरणे. आपले नागपूर १७०२ साली वसविणारे राजे बख्त बुलंद शहा गोंड होते आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला होता. गोंडांच्या मुलखात बांबूचे धनुष्य अजून घरोघरी ओळखीचे आहे. त्याची दोरीसुद्धा सुताची नसते, बांबूच्या सालीची चिवट पट्टी असते. आणि याच नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला १५० पैकी १५० गुण घेऊन जगज्जेता झाला. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. मुलींना पाठवावे की नाही, असे ज्यांनी मला हळूच विचारले, त्यांच्यासाठी एवढे पुरे. मात्र या दोघांची धनुष्ये चक्र्यांची असतात. आपले साधे लाकडी आहे आणि त्याचे लाड निराळे आहेत.

आता दुसरा प्रश्न. मी तेरा वर्षांचा असताना मला बांबूचे एक धनुष्य मिळाले. मे महिन्यात सराव करून ते दोरी चढविलेलेच गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवले आणि रात्रभर, शिवाय दुसऱ्या दिवशीच्या उन्हातही, तसेच राहू दिले. नागपूरचे ऊन तुम्हांला मी काय सांगावे! सायंकाळी मित्रांना ऐट दाखविण्यासाठी बाण न लावताच दोरी ताणली आणि सोडली. धनुष्य मुठीच्या वर तडकले आणि त्याची एक चीप धाकट्या भावाच्या भुवईवर लागली. डोळा दोन बोटांनी वाचला. अम्मीने उरलेला दांडा चुलीत घातला आणि पुढे दोन वर्षे मला धनुष्याला हात लावू दिला नाही. तिचे काही चुकले, असे मला आजही वाटत नाही.

त्या एका दिवसात मी दोन चुका केल्या होत्या. चढविलेले धनुष्य सतत ताणात असते. तसेच ठेवले तर लाकूड वाकलेलेच राहते आणि जोर गमावते. उन्हाने ते कोरडे पडून ठिसूळ होते. आणि बाण नसताना दोरी सोडली, की जी शक्ती बाणाने न्यावयाची ती धनुष्याच्याच अंगावर परत येते. म्हणून रिकामी दोरी कधीही सोडावयाची नाही. ताणली तर सावकाश परत आणावयाची.

तैबुगा नावाच्या मामलूक तिरंदाजाचा चौदाव्या शतकातील अरबी ग्रंथ १९७० साली इंग्रजीत आला. त्यात नेमाबरोबरच दोरी चढविण्याच्या अनेक तऱ्हा सांगितल्या आहेत. जाणता माणूस या कामाला हलके मानीत नाही. आपल्या वर्गात मात्र एकच तऱ्हा चालेल. धनुष्य पायात अडकवून गुडघ्याने वाकविण्याची पद्धत तुम्ही कोठे पाहिली असेल; त्यात पाते पिळवटते आणि हात सुटला तर टोक थेट तोंडावर येते. ती नको.

प्रथम धनुष्य हातात घेऊन पाहा. कोठे चीर, उचललेला तंतू, खाचेत धार आहे काय? दोरीचे धागे तुटले आहेत काय? शंका आली तर त्या दिवशी ते धनुष्य बाजूला. मग पोट आणि पाठ ओळखा. पोट म्हणजे आपल्याकडची बाजू, दोरी तिकडेच राहते. उलट्या बाजूने वाकविलेले लाकडी धनुष्य मोडलेच समजा.

दोरीचा खालचा फासा खालच्या खाचेत बसवा, वरचा फासा वरच्या पात्यावर सैल सरकवून ठेवा. आता चढवणीची वेगळी दोरी घ्या. हिच्या दोन्ही टोकांना चामड्याच्या टोप्या असतात. त्या धनुष्याच्या दोन्ही टोकांवर घाला. धनुष्य आडवे, पोट जमिनीकडे. ही दोरी पायाखाली घट्ट दाबून धरा आणि मूठ धरून धनुष्य सरळ वर उचला. पाती वाकतील. मोकळ्या हाताने वरचा फासा सरकवीत खाचेत बसवा. तोंड बाजूला ठेवा, समोर कोणी उभे राहू नये. लगेच सोडू नका. दोन्ही फासे खाचेत नीट बसले का ते पाहून मगच हळूहळू सैल करा.

मग मुठीवर आपली मूठ ठेवून अंगठा ताठ उभा करा. त्याचे टोक दोरीला जेमतेम लागले पाहिजे, म्हणजे सहा-सात इंच अंतर झाले. अंतर कमी असेल तर दोरी मनगटावर सपकारे मारते. अशा वेळी धनुष्य उतरवून दोरीला थोडे पीळ द्या. ती आखूड होते आणि अंतर वाढते. अंतर जास्त असेल तर पीळ काढा. दोरीवर बाण लावण्याची जागा काटकोनापेक्षा सुमारे पाव इंच वर धरून तेथे दोऱ्याची गाठ गुंडाळा. शेवटी धनुष्य अर्धेच ताणून, सावकाश परत आणीत, दोन्ही पाती सारखी वाकतात का हे दुसऱ्याने बाजूने पाहावे.

पालकांना एक विनंती. मुलगा ताकदवान दिसावा म्हणून जड धनुष्य घेऊन देऊ नका. पंधरा ते वीस पौंडांचे नवशिक्याला पुष्कळ झाले. हात थरथरला की चूक शिकली जाते आणि ती काढण्यात माझे वर्ष जाते. बाजारात अजिबात न ताणणाऱ्या नव्या दोऱ्या मिळतात. त्या साध्या लाकडी धनुष्याच्या खाचा फाडतात. पॉलिएस्टरची, किंचित ताण घेणारी दोरी आणावी आणि तिला अधूनमधून मेण चोळावे.

सराव संपला की चढविले तसेच उतरवावयाचे, वरचा फासा काढून खालचा तसाच ठेवावयाचा, आणि धनुष्य सावलीत दोन खुंट्यांवर आडवे टांगावयाचे. कोपऱ्यात उभे नाही, मोटारीच्या डिकीत तर नाहीच.

वर्ग रविवारी सकाळी सातला मैदानाच्या पश्चिम टोकाला भरेल. पहिल्या रविवारी बाण आणणार नाही, फक्त धनुष्ये असतील. अम्मी-अब्बांनीही यावे, पहिली दोरी त्यांच्या हातून चढवून घेऊ.