कृष्णाकाठचे दिवस
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हटला की दोन गोष्टी ओघानेच येतात: एक जेवणावळ आणि दुसरी जुन्या आठवणी. जेवणाची व्यवस्था आमच्या भगिनींच्या समर्थ हाती असल्यामुळे तिची आम्हांस काळजी नाही. आठवणींचे काम मात्र चालकमंडळींनी आमच्याकडे सोपविले आहे, कारण आम्ही ह्याच कृष्णाकाठी लहानाचे मोठे झालो. जुन्या करारात, लेवीयांच्या ग्रंथात, पन्नासावे वर्ष हे घरी परतण्याचे वर्ष सांगितले आहे. ज्याचे वतन गेले त्यास ते परत मिळावे, जो दास्यात पडला त्याने आपल्या कुळात परत जावे, अशी ती आज्ञा. तेव्हा आपणही आज थोडे मागे जाऊ. परंतु जावयाचे ते नुसते सुस्कारे टाकण्यासाठी नव्हे. कोणाचे काही देणे राहिले आहे काय, हे पाहण्यासाठी जाऊ.

सातारा आणि सांगली ही आज दोन जिल्ह्यांची ठाणी आहेत. आमच्या वडिलांच्या पिढीस मात्र ही वाटणी नवी वाटे. 1949 साली ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निराळा झाला आणि 1960 साली त्यास ‘सांगली’ हे नाव मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार ज्या गावांतून चालले, ती गावे आज दोन्ही जिल्ह्यांत वाटली गेली आहेत. कागदावर जिल्हे विभागले, नदी काही विभागली नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड असे करीत सांगलीस येते, आणि आमचे बालपणही तिच्या पाण्यासारखेच वरून खाली वाहत आले.

आमचे वडील रेल्वेत नोकरीस होते. प्रथम ते सातारा स्टेशनावर होते. हे स्टेशन शहरात नसून शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूस आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेलच. माहुली म्हणजे कृष्णा आणि वेण्णा ह्यांचा संगम, काळ्या दगडांची देवळे आणि रुंद घाट. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे ह्याच गावचे. पेशव्यांसमोर सत्य बोलणारा मनुष्य आपल्या गावचा, हे मास्तर आम्हांस इतक्या वेळा सांगत की पुढे सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आमच्या डोळ्यांसमोर ग्रीक तत्त्ववेत्त्यांच्या आधी रामशास्त्रीच उभे राहत. नाताळास वडील शहरातून कंदी पेढ्यांचा पुडा आणीत. केक कसा असतो हे आम्हांस तोवर माहीत नव्हते, आणि त्याची उणीवही भासली नाही.

पुढे, 1978 च्या सुमारास, वडिलांची बदली मिरजेस झाली. लहान मुलास मिरज स्टेशन म्हणजे अद्भुत नगरीच. पुण्याकडे आणि कोल्हापूरकडे जाणारा रुंद रूळ, बेळगाव-हुबळीकडे जाणारा मीटरगेज आणि पंढरपूरकडे जाणारा अगदी अरुंद रूळ, असे तीन मापांचे रूळ त्या एका स्टेशनात होते. आषाढी आली की ती छोटी गाडी वारकऱ्यांनी फुलून जाई. टाळमृदंगाचा गजर इंजिनाच्या शिट्टीवर मात करी. 2010 च्या सुमारास तो मार्गही रुंद झाला. प्रवासाचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले. तथापि त्या गाडीची मंदगती आठवली म्हणजे मन अजूनही प्रसन्न होते.

मिरजेत आल्यावर लगेच क्वार्टर मिळाले नाही. वडील खोली शोधू लागले. एका ठिकाणी भाडे ठरले, विसारही ठरला, आणि शेवटी घरमालकाने नाव विचारले. नाव ऐकल्यावर त्यांस एकाएकी आठवले की ती खोली भाच्यासाठी राखून ठेवली आहे. असे आणखी दोन ठिकाणी घडले. वडील घरी येऊन काही बोलले नाहीत. आईने मात्र त्या रात्री जपमाळेत एक प्रार्थना अधिक म्हणविली. ती कोणासाठी हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. ती त्या घरमालकांसाठी होती.

अखेर जागा मिळाली ती सतारी करणाऱ्या एका मुसलमान कारागिराच्या घरामागे. मिरजेचे हे कसब जुने आहे. पूर्वी शस्त्रे घडविणाऱ्या आणि त्यांस धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. तलवारीचा हात तंबोऱ्याकडे वळला, ह्यापरते सुंदर परिवर्तन आम्हांस दुसरे माहीत नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हांस आमच्याच घरी पारितोषिक आल्यासारखे वाटले. त्या घराच्या आढ्यास वाळलेले मोठमोठे भोपळे टांगलेले असत. सायंकाळी आम्ही जपमाळ म्हणत असताना भिंतीपलीकडे म्हातारेबाबा तंबोऱ्याची जवारी लावीत बसलेले असत; तार छेडावी, घोडी किंचित घासावी, पुन्हा तार छेडावी, असे तासन् तास चाले. त्यांनी वडिलांस नाव विचारले होते, पण ते हाक कशी मारावी हे कळण्यासाठी.

सांगलीस आम्ही शाळेच्या निमित्ताने जात असू. कृष्णेच्या काठचे गणपतीचे मंदिर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी बांधविले. देवस्थानचा हत्ती पाहावयास सर्व धर्मांची मुले सारख्याच उत्साहाने धावत. भाद्रपद प्रतिपदेस, चतुर्थीच्या आधीच, ‘चोर गणपती’ गाजावाजा न करता येऊन बसतो, ही गोष्ट वर्गमित्र आम्हांस मोठ्या गुपितासारखी सांगत. ह्याच सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि 5 नोव्हेंबर हा दिवस त्यामुळेच रंगभूमीदिन म्हणून पाळला जातो. ‘शारदा’ नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे जवळच्या हरिपूरचे. नाताळच्या गोठ्याभोवती आपली मुले जो प्रवेश करतात, त्यात कोणी वाक्य विसरला तरी तो घाबरत नाही. नाटकाच्या गावचे पाणी, दुसरे काय!

हरिपूर म्हणजे कृष्णा आणि वारणेचा संगम. आणि हरिपूर म्हणजे हळदीची पेवे. तेथील मातीत खोल खणलेल्या ह्या पेवांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. पेव उघडल्याबरोबर आत उतरावयाचे नाही, असा कडक नियम होता. तोंड उघडून वारा खेळू द्यावयाचा, दोरीने कंदील खाली सोडावयाचा. तो विझला तर आतली हवा अजून घातक आहे असे समजावयाचे. कंदील जळत राहिला म्हणजे मगच हमाल आत उतरे. आधी दिवा, मग माणूस, हा धडा आम्हांस तेथे मिळाला. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरून पुष्कळ हळद नासली, आणि ती पद्धतही मागे पडली.

आता नदीविषयी. 1929 साली झालेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची मोजतात. चाळीस फुटांस इशारा, पंचेचाळीस फुटांस धोका, हे आकडे येथील मुलास पाढ्यांबरोबरच पाठ होतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. त्या महिन्याच्या 8 तारखेस ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटली, आणि कित्येक जीव गेले. त्या दिवसांत सांगलीवाडीची काही कुटुंबे आपल्या सभागृहात राहिली, हे येथे बसलेल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. वेदीच्या चादरींचे पांघरूण झाले, धर्मशिक्षणाच्या बाकांवर म्हातारी माणसे निजली. कोणी कोणास नाव विचारले नाही. विचारले ते एवढेच, की औषध कोणते चालू आहे आणि लहान मुलास दूध हवे काय.

बंधुभगिनींनो, आमच्या बालपणी सारे काही सोन्याचे होते, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. तेव्हा नळावर भांडणे होती, दारे बंद होती, आणि पुढे होऊन दार उघडणारी माणसेही होती. आम्ही आज येथे उभे आहोत ते त्या उघडलेल्या दारामुळे. म्हणून आमचे सांगणे थोडे आहे, पण ते मनावर घ्यावे, ही विनंती.

महापूर ओसरला की माणसाची दारे पुन्हा लागतात. आज कुपवाडच्या कारखान्यांतून बिहारचे, झारखंडचे, उत्तरेकडील अनेक प्रांतांचे तरुण कामास आहेत. त्यांस खोल्या हव्या असतात. आपणांपैकी पुष्कळांची आता स्वतःची घरे झाली, वरचे मजले चढले; म्हणजे आता घरमालक आपण आहोत. परवा एक तरुण आमच्याकडे येऊन म्हणाला, ‘फादर, तीन घरी खोली होती, नाव सांगितल्यावर नव्हती.’ त्या तिहींपैकी एक घर आपल्या धर्मग्रामातले होते. आम्ही त्या घराचे नाव घेणार नाही. परंतु ते ऐकून ज्यांस आपल्या वाडवडिलांचे हाल आठवत नाहीत, त्यांची स्मरणशक्ती सुवर्णमहोत्सवाच्या लायक नाही, इतके आम्ही बोलणार.

दुसरी विनंती तरुणांस. आपल्या आजी-आजोबांजवळ बसा, आणि त्यांस कोणी कधी जागा दिली, कोणी पुरातून बाहेर काढले, शाळेची फी कोणी भरली, हे विचारून लिहून ठेवा. तुमच्यापैकी पुष्कळ पुण्यास, मुंबईस, परदेशी जाल. तेथे खोली मागताना ही वही जवळ असू द्या, आणि उद्या तुम्ही खोली देणारे झालात म्हणजे ती पुन्हा उघडा.

पुढील रविवारी मिस्सेनंतर सभागृहाच्या दाराशी एक कागद लावण्यात येईल. ज्यांच्याकडे भाड्याने देण्याजोगी खोली असेल त्यांनी त्यावर पत्ता व भाडे लिहावे. भाडेकरूचा धर्म, प्रांत वा भाषा ह्यांसाठी त्या कागदावर रकाना नाही. त्या तरुणास अद्याप जागा मिळालेली नाही. तूर्त तो आमच्या ओसरीवर निजतो. पावसाळा तोंडावर आला आहे, तेव्हा कागद लवकर भरावा.

देव आपणां सर्वांचे कल्याण करो.