बंदुकीच्या नळीखालची अक्षरे

लग्नात आहेर आलेला एखादा तांब्याचा हंडा तुमच्या घरात असेलच. त्याच्या काठावर नाव कोरलेले असते ते मामाचे किंवा आत्याचे. हंडा घडवणाऱ्या तांबटाचे नाव तिथे शोधून सापडायचे नाही. जुन्या बंदुकीचेही पुष्कळदा असेच असते, आणि आज मला सांगायचे आहे ते त्याविषयी.

पनवेलजवळच्या तळोज्यात एका ओळखीच्या घरी दुनळी बंदूक आहे. परवाना रीतसर वारसाच्या नावावर झालेला. दर दसऱ्याला ती पाटावर ठेवतात, झेंडूची फुले वाहतात. "मामंजींना साहेबाने दिलेली विलायती बंदूक," असे घरातल्या आजी सांगतात. गेल्या वर्षी नातवाने नवी काडतुसे आणायचा बेत केला. मला म्हणाला, "सर, इतकी वर्षे नुसती पूजाच चाललीय. एकदा चांदमारीच्या मैदानावर नेऊन उडवून बघतो." मी म्हटले, "थांब. आधी ती काय म्हणते ते वाचू या."

नळ्यांच्या मधल्या पट्टीवर मुंबईच्या एका दुकानदाराचे इंग्रजी नाव होते. हाच तो आहेराच्या हंड्यावरचा मामा! युरोपातून माल मागवून त्यावर स्वतःचे नाव घालून विकण्याची पद्धत त्या काळी सर्रास होती. खरी जन्मपत्रिका असते ती नळ्यांच्या पोटाशी. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, पुढचा लाकडी तुकडा काढायचा, नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या आणि खालची सपाट बाजू उजेडात धरायची. तेल लावलेल्या मऊ फडक्याने पुसावे. खरकागद मात्र चुकूनही लावू नये.

तिथे आम्हाला दिसला एक मुकुट, त्याखाली बी हे अक्षर. शेजारी मुकुट आणि यू, मुकुट आणि एस, आणि डाव्या नळीवर मुकुट आणि डब्ल्यू. ही बंदूक इंग्लंडची नव्हेच, जर्मनीची.

जर्मनीत १८९१ साली कायदा झाला आणि १८९३ पासून अमलात आला. प्रत्येक बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार भरून सरकारी परीक्षागृहात उडवायचा आणि ती टिकली तरच ठसा मारायचा. आपल्याकडे दुकानदाराच्या वजनांवर निरीक्षकाचा शिक्का असतो ना, त्यातलाच हा प्रकार. बी म्हणजे बार उडवून परीक्षा झाली. यू म्हणजे त्यानंतर तपासणी झाली. एस म्हणजे नळी छर्ऱ्यांसाठी. जी असेल तर आत आटे पाडलेली, म्हणजे गोळीची. डब्ल्यू म्हणजे नळीचे तोंड किंचित आवळलेले, त्यामुळे छर्रे फार पसरत नाहीत. कायदा आला तेव्हा तयार असलेल्या मालावर व्ही मारले. १९४० पासून नव्या कायद्याने मुकुट गेला आणि गरुड आला. बेल्जियमच्या लिएज गावची बंदूक असेल, तर लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरे दिसतात. एवढ्यावरूनही देश आणि साधारण काळ कळतो.

वर्तुळातला १२ किंवा १६ हा काडतुसाचा आकडा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती बारा नंबरची नळी. म्हणून सोळा नंबर बारापेक्षा अरुंद! १३/१ असे काही दिसले तर ती तारीख समजू नका. ते नळीच्या आतले माप आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या आणि नंतरच्या, झूल या गावच्या बंदुकांवर ४ २७ असे आकडे मात्र बहुधा महिना आणि वर्ष सांगतात, म्हणजे एप्रिल १९२७. क्रुपचे नाव वाचून पुष्कळजण क्रुपची बंदूक म्हणतात. क्रुपचे ते पोलाद. कारागीर वेगळा. झूलला तर १७५१ पासूनचे झाउअरसारखे कारखाने होते आणि शिवाय लहान कारागीर कितीतरी. नुसती आद्याक्षरे कोरून गेलेल्या माणसाचा पत्ता नेहमीच लागतो असे नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तळोज्याच्या बंदुकीवर नायट्रो हा शब्द नव्हता, की मुकुटाखाली एन नव्हते. म्हणजे बिनधुराच्या दारूची परीक्षा तिने दिल्याचा पुरावा नाही. तिची परीक्षा काळ्या दारूची धरायची. शिवाय काडतुसाचे घर मोजले तर ६५ मिलिमीटर भरले, आणि आजची काडतुसे बहुधा ७० ची. तुम्ही म्हणाल, पण काडतूस तर आत बसते! बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडाला की ते उलगडते, पुढच्या अरुंद भागात घुसते, वाट अडते आणि दाब वाढतो. नळी फुटते ती डाव्या हाताच्या बोटांपाशी.

नातू गप्प झाला. आजींनी विचारले, "म्हणजे मामंजी खोटं बोलत होते का हो?" मी म्हटले, "नाही आजी. बंदूक कुठे घडली ते ठसे सांगतात. ती कुणी दिली ते ठसे सांगत नाहीत. ते मामंजींनीच सांगायचं."

तुमच्याही घरी अशी वस्तू असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जुनी आहे म्हणून परवाना नको, हा समज चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही जी चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. आणि त्याच कायद्याने नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणे हा गुन्हा आहे. लग्नात हौसेने बार काढणे हाही २०१९ च्या दुरुस्तीपासून गुन्हा ठरला आहे.

यंदाच्या दसऱ्याला तळोज्याला गेलो होतो. बंदूक पाटावर होती, फुलेही होती. शेजारी नातवाने एक कागद ठेवला होता. त्यावर चारही ठसे पेन्सिलीने काढून खाली त्यांचे अर्थ लिहिले होते. काडतुसे मात्र कुणी आणली नव्हती.