आरोपी : एक मारका बैल

मघापासून मागच्या रांगेतून शिट्ट्या वाजवणाऱ्या माझ्या भावी वकील मित्रहो,

कायद्याच्या विद्यार्थ्यांना उपदेश करून उपयोग नसतो, ते लगेच उलटतपासणी घेतात. म्हणून मी एक खटलाच मांडतो. आरोपी बैल आहे.

बगदादजवळ तेल हरमल नावाचं टेकाड आहे. १९४५ आणि १९४७ मध्ये तिथल्या उत्खननात मातीच्या दोन पाट्या निघाल्या. त्यांवर एश्नुन्ना राज्याचे कायदे होते, अक्कादी भाषेत. अल्ब्रेख्ट गोएत्झे यांनी ते वाचून १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. हे मूळचे जर्मन. हिटलर आल्यावर देश सोडून अमेरिकेत येल विद्यापीठात गेले. ५३वं कलम सांगतं, एका बैलाने दुसऱ्याला शिंग मारून ठार केलं, तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेल्याचं धूड दोन्ही मालकांनी निम्मं निम्मं वाटून घ्यावं.

आता हिब्रू बायबल उघडा. निर्गम, अध्याय २१. काही शतकांनंतरचा ग्रंथ, भाषा अक्कादीच्या नात्यातली पण वेगळी, आणि तोडगा तोच! बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या गाजलेल्या शिलालेखात हे कलमच नाही. मग हा तोडगा एश्नुन्नातून बायबलात पोहोचला कसा, यावर विद्वान अजून भांडताहेत. (तुमच्यातल्या चलाखांनी पळवाट हेरली असेलच. मेलेला बैल मरतुकडा आणि मारणारा दांडगा असेल, तर मरतुकड्याचा मालक फायद्यात! ज्यू धर्मपंडितांनी पुढे या वाटणीचा भरपूर कीस पाडला.)

पण बैलाने माणूस मारला की वाटा फुटतात. बैल मारका आहे असं मालकाला बजावूनही त्याने बंदोबस्त केला नाही, तर एश्नुन्नात दंड ४० शेकेल चांदी, हम्मुराबीकडे ३०. निर्गमात मात्र बैलाला दगडांनी ठेचून मारायचं आणि मालकालाही देहदंड. खंडणी ठरवली, तरच तो सुटतो. साध्या, पहिल्यांदाच उधळलेल्या बैलालाही तिथे दगड चुकत नाहीत, आणि त्याचं मांस कोणी खायचं नाही.

येलचेच जेकब फिंकेलस्टाइन या बैलाचा माग काढत राहिले. त्यांचा ‘द ऑक्स दॅट गोर्ड’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये निघाला. त्यांचं म्हणणं असं, की एश्नुन्ना आणि हम्मुराबीच्या मेसोपोटेमियाच्या लेखी हा नुकसानभरपाईचा मामला होता. बायबलच्या लेखी बैलाने माणसाचं श्रेष्ठत्वच मोडलं होतं.

मला हे पटतं, पण सगळं नाही. कारण मेलेला माणूस गुलाम असेल, तर निर्गमाच्या त्याच अध्यायात त्याच्या धन्याला ३० शेकेल दिले की बैलवाला मोकळा. हम्मुराबीकडे २०, एश्नुन्नात १५. बायबलचा दर सर्वांत चढा, हे कबूल. पण दर आहेच ना?

तुमच्या मूट कोर्टात हा बैल एकदा उभा करा. त्या गुलामाचं वकीलपत्र कोण घेतं, ते ऐकायला मी येईन. तेव्हा हार-नारळ नको, मागच्या रांगेत एक खुर्ची ठेवा.