होडी तीच, इंजिन नवं

बऱ्याच जणांनी विचारलं, एप्रिलमध्ये एकही भाग आला नाही, होतास कुठे? तर मी गावी होतो, देवबागला. काकांच्या होडीचं इंजिन बदलत होतो. आज तीच गोष्ट सांगतो, माझ्या चुकांसकट.

होडी १९७४ सालची, आजोबांनी बांधून घेतलेली. लाकडी, पाण्यातली लांबी २५ फूट. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे काका ती चालवतात. पूर्वी माणसं आणि सामान पलीकडे न्यायची, आता बहुतेक पर्यटक. इंजिन दोन सिलिंडरचं डिझेल, १६ हॉर्सपॉवर, हँडल मारून सुरू व्हायचं. दिवाळीनंतर त्याचा ब्लॉक तडकला. तसा ब्लॉक कुठेच मिळेना. चुलतभाऊ म्हणाला, मोडीत काढा, फायबरची घेऊ. काका काहीच बोलले नाहीत, उठून अंगणात गेले. ते बघून मी बोलून गेलो, "मी बघतो." अर्धे पैसे माझे, आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी होडी पाण्यात हवी. काकांची वर्षाची निम्मी कमाई त्या महिन्यातली.

पहिली चूक खरेदीतच होणार होती. मला ६० हॉर्सपॉवरचं इंजिन घ्यायचं होतं. जास्त पॉवर म्हणजे जास्त वेग, बरोबर ना? नाही. अशी जड, खोल पोटाची होडी पाणी कापत जाते तेव्हा स्वतःच एक लाट तयार करते. वेग वाढतो तशी ती लाट लांब होते. एका मर्यादेनंतर होडी आपल्याच लाटेचा चढ चढत राहते, डिझेल जळतं, वेग वाढत नाही. ढोबळ हिशोब असा: पाण्यातल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ, गुणिले १.३४. उत्तर नॉटमध्ये. २५ फुटांना ६.७ नॉट, म्हणजे ताशी साधारण १२ किलोमीटर. तेवढ्याला २० हॉर्सपॉवर भरपूर झाली.

मग पंखा. जुनं इंजिन संथ फिरायचं, नवं त्याच्या दुप्पट. पंख्याचे फेरे दुप्पट केले की त्याला लागणारी ताकद आठपट होते. जुना मोठा पंखा तसाच ठेवला असता तर इंजिन दमून काळा धूर ओकलं असतं. म्हणून फेरे जास्त कमी करणारा गिअरबॉक्स घेतला आणि पंखा लहान केला. नव्या इंजिनाचे पाय जुन्या लाकडांवर बसेनात, तेव्हा गावातल्या सुताराने नवी बैठक करून दिली. इथपर्यंत सगळं छान.

दुसरी चूक मात्र मी केलीच. इंजिनाचा गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट जिथे जोडतात, ते कपलिंग. त्याच्या दोन तबकड्या अगदी समोरासमोर, सरळ बसाव्या लागतात. चार इंचाच्या कपलिंगला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजलेल्या फटीत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. मी फीलर गेज घेऊन दोन दिवस किनाऱ्यावर बसलो आणि तो जुळवला. काका म्हणाले, "आधी पाण्यात टाक रे. होडी जमनीर येगळी, पाण्यात येगळी. तुका घाई कित्याक?"

घाई होती कारण सोमवारी ऑफिस होतं. मी बोल्ट आवळले.

पहिल्याच फेरीत तळाच्या फळ्या थरथरायला लागल्या. शाफ्ट जिथून बाहेर जातो त्या ग्लँडला हात लावला तर चटका बसला. इंजिन बंद केलं. मग काका वल्हं मारतायत आणि मी डब्याने पाणी उपसतोय, असे परत आलो. काका वाटेत एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

कारण साधं आहे. किनाऱ्यावर होडीचा भार दोन-चार टेकूंवर असतो. पाण्यात तो सगळ्या तळावर पसरतो, होडीचा आकार किंचित बदलतो. वर महिनोन्महिने सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात. मी रजा वाढवली, कपलिंग सोडलं, तीन दिवस होडी नुसती तरंगत ठेवली. मग मोजलं. खालच्या बाजूला ०.६ मिलिमीटरची फट! इंजिनाच्या पायांखाली पातळ पट्ट्या सरकवत ती ०.१ च्या आत आणली. पुन्हा सुरू केलं. थरथर गेली, ग्लँड कोमट, मिनिटाला दोन-चार थेंब गळतात तेवढेच. तेवढे गळायलाच हवेत, त्यानेच शाफ्ट थंड राहतो.

कामावर आम्ही कोड आपल्या लॅपटॉपवर चालला म्हणून खूश होत नाही, खऱ्या सर्व्हरवर तपासतो. हे मी रोज ज्युनिअर मुलांना सांगतो. होडीच्या वेळी मलाच सुचलं नाही, सुचलं ते सातवी शिकलेल्या काकांना.

मे महिना नीट गेला. काकांची एकच तक्रार आहे. जुन्या इंजिनाचा आवाज ऐकून पलीकडची माणसं आपसूक किनाऱ्यावर यायची. आता कुणाला कळतच नाही होडी आली ते. पुढच्या खेपेला येताना भोंगा आण म्हणालेत.

चला, भेटू पुढच्या भागात.