न पाहिलेल्याचे चित्रकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मालेतील माझ्या पूर्वीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत असे भारदस्त विषय घेतले. त्या मानाने माझा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. राक्षस, यक्ष, परग्रहावरील नगरे, सर्पांचा राजा, अशा जे कोणीच पाहिलेले नाही त्याचे चित्र मोबदला घेऊन काढून देणारा आणि कोणाच्याही हजेरीपटावर नाव नसलेला चित्रकार, हा माझा आजचा विषय होय.

सभागृहात चाळिशी ओलांडलेली जी मंडळी बसली आहेत, त्यांपैकी बहुतेकांनी बालपणी याच जयपुरात ‘नागराज’ वाचलेला असणार. १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने तो हिंदीतून काढला. मुले मराठी वाचत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या आईने मुलाच्या हातातून जी चित्रकथा ओढून घेतली, तिच्या पानांवरचे नाग बहुधा एका मराठी माणसानेच रेखाटलेले होते! प्रारंभीच्या काळात नागराजला ज्यांनी रूप दिले ते प्रताप मुळीक आपल्याच महाराष्ट्राचे. पुढे ते काम पाहणाऱ्यांत विठ्ठल कांबळे हेही मराठीच. मुंबईच्या अमर चित्र कथेसाठी मुळीकांनी पुराणातील आणि इतिहासातील वीरही काढले. त्याच मालेतील ‘कृष्ण’ राम वाईरकरांच्या कुंचल्यातून उतरला, आणि हिंदुस्थानभरच्या लक्षावधी मुलांच्या मनात कृष्ण म्हटला की आजही तोच उभा राहतो.

या परंपरेचे खरे धनी मात्र त्यांच्या आधीचे दोन गोमंतकीय. दीनानाथ दलालांचा जन्म १९१६ चा, मडगावचा. रघुवीर मुळगावकरांचा १९१८ चा, अस्नोड्याचा. दोघेही मुंबईस आले आणि पुस्तकांची वेष्टने, मासिकांची मुखपृष्ठे, दिनदर्शिका यांवर त्यांनी आपला संसार उभा केला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजारांहून अधिक भरतात. त्यांतील झुंजार आणि काळापहाड हे वाचकाने कधीच पाहिले नव्हते, ते त्याला मुळगावकरांनी मुखपृष्ठावर दाखविले. रंगाचा बारीक फवारा हवेच्या दाबाने उडविण्याचे तंत्र त्यांना उत्तम साधले होते. त्यामुळे त्यांच्या देवतांच्या अंगावरचा उजेड आतून आल्यासारखा दिसतो. कुंचल्याचा फराटा कोठेही सापडत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात त्यांचे दत्तगुरू किंवा लक्ष्मी असेल. घरी गेल्यावर तसबिरीचा खालचा कोपरा जरा पाहावा, सही तेथे आहे.

सहीचा मुद्दा मी मुद्दाम काढला. मुखपृष्ठाच्या चित्राचे पैसे एकदाच मिळतात. पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघाल्या तरी चित्रकाराला अकरावा रुपया दिसत नाही. पुष्कळदा मूळ चित्रही ब्लॉक करणाऱ्याच्या कपाटात राहते आणि पुढे रद्दीत जाते. या व्यवहारातून बाहेर पडण्याची वाट दोघांनीही एकच काढली. दलालांनी १९४५ साली स्वतःचे ‘दीपावली’ सुरू केले, मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढला. चित्रकाराने प्रकाशकाच्या दारात उभे राहण्याऐवजी स्वतःच दुकान मांडले! आपल्याकडे या दोघांच्या रंगांविषयी पुष्कळ बोलले जाते. या व्यावहारिक शहाणपणाविषयी फारसे कोणी बोलत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

आता हा विषय मी का निवडला ते सांगतो. आपल्या मंडळातील एक गृहस्थ काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले. त्यांची कन्या मंगळावरचे जयपूर काढते. तांबड्या धुळीत उभे राहिलेले सम्राट यंत्र, त्याच्या जिन्यावर काचेचे शिरस्त्राण घातलेली बाई आणि आकाशात दोन लहान चंद्र. मंगळाला चंद्र दोन आहेत हे वडिलांना ठाऊक नव्हते, मुलीला होते. “साहेब, आपण केंद्र सरकारात आहात, तिला स्पर्धा परीक्षेला बसण्याविषयी आपणच दोन शब्द सांगा,” अशी त्यांची विनंती होती. पगार, महागाई भत्ता, सरकारी निवासस्थान यांवर माझे आयुष्य गेले आहे. त्यांची किंमत मला कळते आणि त्या गृहस्थांची काळजी मला यत्किंचितही खोटी वाटत नाही. तरी मी मुलीला परीक्षेविषयी काही बोललो नाही. तिची चित्रे पाहिली आणि तिला एक प्रश्न विचारला: यातली किती विकली आणि त्याचा कागद कोठे आहे? तीन विकली होती. कागद नव्हता.

आपण सरकारी माणसे कागदाला हसतो, पण या धंद्यात कागद हाच भविष्यनिर्वाह निधी आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे सतरावे कलम वाचावे. कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता, असे ते प्रारंभी म्हणते. मात्र लगेच अपवाद येतो: कोणी मोबदला देऊन रंगचित्र करवून घेतले आणि उलट करार नसला, तर हक्क करवून घेणाऱ्याचा. सारे मर्म ‘उलट करार नसला तर’ या शब्दांत आहे. एकोणिसावे कलम सांगते की हक्क द्यायचा तो लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. हक्काचा काळ चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो, म्हणजे नातवंडांपर्यंत. हे सर्व मी त्या मुलीला एका पानावर लिहून दिले.

परदेशात हे कसे घडले त्याचा एकच दाखला देतो. अमेरिकेत फ्रँक फ्राझेटा नावाचा चित्रकार होऊन गेला. अद्भुत कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर रानटी योद्धे आणि अक्राळविक्राळ श्वापदे काढणारा. छपाई झाली की मूळ चित्र परत मिळाले पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. त्याचे १९६९ सालचे ‘इजिप्शियन क्वीन’ हे चित्र २०१९ साली लिलावात ५४ लाख डॉलरांना गेले. मूळ चित्र मासिकवाल्याच्या कपाटात पडून राहिले असते तर?

आणि आपल्या गावात काय आहे? अकबराने महाभारताचा फारसी तर्जुमा करविला, तो ‘रज्मनामा’. त्याची बादशाही चित्रित प्रत जयपूरच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. ती सहसा पाहावयास मिळत नाही, परंतु तिच्यातील चित्रांच्या मोठ्या नकला अल्बर्ट हॉलच्या भिंतींवर आहेत. मुलांना घेऊन अवश्य जावे. दसवंत हा त्या प्रतीचा एक प्रमुख चित्रकार. तो पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा होता आणि लहानपणी भिंतींवर चित्रे काढी, असे अबुल फज्लने नोंदविले आहे. पुढे त्याला वेड लागले आणि त्याने आत्महत्या केली, हेही त्यातच आहे. त्या प्रतीच्या समासात कारकुनाने लिहून ठेवले आहे की अमुक चित्राची आखणी कोणाची आणि रंगकाम कोणाचे. कारकुनी पेशातला माणूस म्हणून मला त्या समासाचा चित्राइतकाच अभिमान वाटतो. त्या अनाम कारकुनाने ते दोन शब्द लिहिले नसते, तर कहाराच्या मुलाचे कोणते चित्र, हे आज आपण ओळखू शकलो नसतो.

अलीकडे संगणकाला चार शब्द सांगितले की तो घटकेत चित्र काढून देतो. मग चित्रकार हवा कशाला, असे ते गृहस्थही म्हणाले. स्वस्त मुखपृष्ठांचे काम त्यामुळे कमी होईल, ही भीती खोटी नव्हे. माझे मत विचाराल तर, सम्राट यंत्राच्या जिन्यावर बाई कोठे उभी करावी हे त्या मुलीने जंतरमंतरात तीन सकाळी बसून ठरविले, आणि त्या सकाळींना पर्याय मला अजून दिसलेला नाही. मतभेद असू शकेल.

भाषण संपविण्यापूर्वी कार्यकारिणीस एक विनंती. आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या मुखपृष्ठाचे चित्र ज्या कोणाकडून घ्याल, त्याच्याशी लेखी बोलणी करावीत. हक्क एकाच आवृत्तीपुरता घ्यावा. मूळ चित्र छपाईनंतर परत द्यावे. चित्रकाराचे नाव शेवटच्या पानावरील आभारांच्या यादीत न टाकता आतल्या पहिल्याच पानावर छापावे. मानधनाचा आकडा खजिनदारसाहेबांनी आपल्या सोयीने ठरवावा, मात्र ‘मंडळ आपलेच आहे’ या सबबीवर तो शून्य नसावा.