अंगठीवर काय कोरावं?

आदरणीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि दूरदूरच्या धर्मग्रामांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

वसईत स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो.

आरंभीचे ख्रिस्ती आणि त्यांच्या भोवतालची संस्कृती हा विषय ठरला, तेव्हा मला आधी आठवला तो अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट. सन २००च्या सुमारास त्याच्यापुढे एक अगदी घरगुती प्रश्न होता. मोहोर उठवायला घरात अंगठी लागायचीच, आणि तिच्यावर देवदेवता कोरण्याची तर रीतच होती. मग ख्रिस्ती माणसाने कोणती घालावी? क्लेमेंटने अंगठी फेकायला सांगितली नाही. कबूतर चालेल म्हणाला, मासा चालेल, वाऱ्यावर निघालेलं गलबत, तंतुवाद्य, गलबताचा नांगर चालेल. मूर्ती नको. शांतीच्या वाटेवरल्याला तलवार आणि धनुष्य नको, संयमी माणसाला मद्याचे चषक नकोत. यातलं एकही चिन्ह त्याने नव्याने घडवलं नाही. नांगर तर सेल्युकस राजाच्या मोहोरेवरचा!

त्याआधी संत पौल अथेन्समध्ये अज्ञात देवाच्या वेदीचा धागा धरून बोलला होता. जस्टिन ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा घालून शिकवत राहिला.

कार्थेजच्या तर्तुलियनला ही सलगी खपत नव्हती. ग्रीक तत्त्वज्ञानाशी श्रद्धेचं नातं त्याने ठणकावून नाकारलं, तेही रोमन पाठशाळेत घासलेल्या लॅटिन वक्तृत्वाने. मी स्वतः क्लेमेंटच्या बाजूचा. तरीही तर्तुलियनची भीती मला खरी वाटते. त्याच रोमन जगात माणसं मारण्याचा खेळ आखाड्यात रंगायचा, नकोशी अर्भकं उघड्यावर टाकली जायची. तिथे क्लेमेंटनेही तडजोड केली नाही.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, ते ओवीत. इथल्या लग्नघरात आजही उंबराचं पाणी आणतात. त्यात आपण काय ठेवलं, काय गाळलं आणि का, यावर या दोन दिवसांत मोकळेपणाने बोलावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तर्तुलियनची बाजू मांडणाऱ्यांनी तर मुळीच संकोच करू नये. त्यांचं ऐकायला मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

आपण आलात, आमची वाडी धन्य झाली. संमेलनाध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी दीपप्रज्वलन करावं.