नागरिकशास्त्राचा धडा गावातच आहे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



पाठशाळा, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह या मार्गांनी जैन समाजाने शिक्षणाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने मुलांच्या नागरिकशास्त्राचा विषय व्याख्यानासाठी निवडला, हे त्या परंपरेला साजेसेच आहे.

शाळेत या विषयाला सदैव धाकट्या भावंडाचे स्थान मिळाले. आठवीपर्यंत तो इतिहासाच्या जोडीने येतो. नववी-दहावीत त्याचे नाव राज्यशास्त्र होते, जोडी मात्र सुटत नाही. इतिहासाचे धडे संपेतो परीक्षा दाराशी येते आणि उरलेल्या तासांत नागरिकशास्त्र उरकले जाते. लोकसभेच्या उमेदवारास किमान २५ वर्षे, राष्ट्रपतिपदासाठी ३५ वर्षे, हे मुले बिनचूक सांगतात. परंतु वस्तीवरच्या नळाला आठ दिवस पाणी आले नाही तर अर्ज कोणाच्या नावे लिहावा, हे विचारले की ती गप्प होतात. दोष मुलांचा नाही. त्यांना राज्यव्यवस्थेचा सांगाडा दाखविला गेला, तिचा चालता देह दाखविला गेला नाही.

वस्तुतः जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके म्हणजे नागरिकशास्त्राचे उघडे पुस्तकच होय. जुन्नर शहरात नगरपरिषद आहे, मंचरला नगरपंचायत आहे. नारायणगाव, ओतूर यांसारख्या बाजारपेठेच्या गावांचा कारभार ग्रामपंचायत पाहते. पश्चिमेकडे आहुपे, भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात गेले की अनुसूचित क्षेत्र लागते. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि हिरड्यासारख्या गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार त्या कायद्याने मान्य केला आहे. एकाच एस.टी.च्या प्रवासात स्थानिक स्वराज्याचे इतके प्रकार पाहावयास मिळतात. तरी मंचरचा आणि आहुप्याचा विद्यार्थी एकच धडा एकाच ठराविक उत्तरासाठी पाठ करतो. आहुप्याच्या मुलाने हिरडा गोळा करणाऱ्या आपल्या आजीला ग्रामसभेचे अधिकार वाचून दाखविले, तर तो धडा त्याला जन्मभर विसरता येणार नाही.

दुसरे उदाहरण बिबट्याचे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या भागात पाणी आले, पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाच्या दाट फडांत बिबट्याला निवारा मिळाला. माणिकडोहला वन विभागाचे बिबट निवारा केंद्र उभे राहिले. अनेक घरांनी गुरे गमावली, काही घरांनी माणसे गमावली, लेकरेही गमावली. सायंकाळी शाळेतून वस्तीवर परतणाऱ्या मुलाला हा प्रश्न पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

हाच प्रश्न वर्गात मांडावा. पिंजरा लावण्याचे काम कोणाचे? वन विभागाचे. रस्त्यावरच्या दिव्याचे? ग्रामपंचायतीचे. शेतपंपाला रात्रीऐवजी दिवसा वीज हवी असेल तर? महावितरणकडे जावे लागेल. भरपाईसाठी पंचनामा कसा होतो, ग्रामसभेचा ठराव कसा लिहितात, उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा उपयोग कसा करावा, हे सारे एका बिबट्याच्या निमित्ताने शिकविता येते. एक प्रश्न आणि अनेक कार्यालये, हीच शासनाची खरी ओळख आहे.

येथे जैन विचाराचीही कसोटी लागते. ज्या मातेचे बालक गेले, तिला अहिंसेचे प्रवचन ऐकविणे ही अहिंसा नव्हे. बिबट्या दिसेल तेथे मारावा, हाही मार्ग नव्हे. वर्गात एका गटाने ऊस-उत्पादकाची बाजू मांडावी, दुसऱ्याने मेंढपाळाची, तिसऱ्याने वनरक्षकाची, चौथ्याने शोकाकुल पालकांची. नंतर गटांनी बाजू बदलाव्यात. अनेकांताचा याहून चांगला पाठ मिळणे कठीण. मात्र चर्चेअंती निर्णय करावाच लागतो आणि तो का केला हेही सांगावे लागते, एवढे मुलांना उमगले पाहिजे.

या दिशेने प्रयत्न झालेले आहेत. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ उपक्रम सुरू केला आणि पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने तो इतरत्र पोहोचला. संविधानातील मूल्ये उपदेशाने न सांगता जोडीत, गटात कृती करून मुलांनी ती अनुभवावीत, हा त्याचा गाभा.

बहुतेक शाळांत मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मतपत्रिका होतात, बोटाला शाई लागते, बिल्ले वाटले जातात आणि खेळ तेथेच संपतो. स्वच्छतामंत्र्याला पुढे वर्षभर कोणी प्रश्न विचारीत नाही. निवडणूक ही लोकशाहीची सुरुवात आहे; तिचे रोजचे काम जाब विचारण्याचे आणि देण्याचे. म्हणून दरमहा एक सभा व्हावी, तिचे इतिवृत्त मुलांनी लिहावे, छोटीशी रक्कम त्यांच्या हाती द्यावी आणि तिचा जमाखर्च फळ्यावर लावावा. विरोधी पक्षनेताही अवश्य निवडावा.

जमाखर्च जाहीर करण्याची रीत या भूमीला नवी नाही. जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध दानलेख आहेत. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख त्यांत येतो. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याची आणि पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. कोणी दिले आणि कशासाठी दिले, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावे म्हणून ते दगडात कोरले गेले. शाळेची सहल लेण्याद्रीला नेहमी जाते. गणपतीच्या दर्शनानंतर तिने हा धडाही पाहून यावा.

शेवटी एक विनंती. सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते, हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांना उत्तरदायी राहावे लागते. ट्रस्टने वर्षातून एकदा परिसरातील विद्यार्थ्यांना कार्यालयात बोलवावे, ताळेबंद त्यांच्यासमोर ठेवावा आणि त्यांच्या प्रश्नांना विश्वस्तांनी स्वतः उत्तरे द्यावीत. मुले भाबडे प्रश्न विचारतील, कधी अडचणीचेही विचारतील. त्या प्रश्नांना रागावून न घेता दिलेले उत्तर मुले दीर्घकाळ लक्षात ठेवतील, आणि अठराव्या वर्षी हाती मत आले म्हणजे त्याच सवयीने ग्रामसभेतही उभी राहतील.

जय जिनेंद्र! जय हिंद! जय महाराष्ट्र!